सुईचे छिद्र आणि पावसाचा थेंब

स्मरणिकेच्या संपादकमंडळींनी यंदा आम्हांस ‘आपल्या व्यवसायासंबंधी काही ऐतिहासिक लिहा’ अशी प्रेमाची आज्ञा केली. संतश्रेष्ठ नामदेव महाराजांचे चरित्र आणि ज्ञातीचा पूर्वेतिहास यांवर अधिकारी लेखकांनी वेळोवेळी लिहिलेले आहे. त्या विषयांत भर घालण्याची योग्यता आमच्यासारख्या जेमतेम मॅट्रिक झालेल्या निवृत्त शिक्षकाच्या अंगी नाही. सबब, ज्या वस्तूशी आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आला त्या सुईविषयी, आणि तिने पाडलेल्या छिद्राविषयी, चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु पाऊस, वारा आणि हिम यांपासून देहाचे रक्षण करणाऱ्या वस्त्रांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास हा बहुतांशी या एका छिद्राशी मनुष्याने केलेल्या झगड्याचा इतिहास आहे, असे आमचे मत झाले आहे.

या मताचे मूळ आमच्या बालपणात आहे. १९७० च्या सुमारास आमच्या तीर्थरूपांचे बाजारपेठेत शिवणकामाचे लहानसे दुकान होते. एका ज्येष्ठात गावचे पोस्टमन आपला रबरी रेनकोट घेऊन आले. खांद्याची शिवण उसवली होती. वडिलांनी ती मोठ्या काळजीने शिवली. काम पक्के व्हावे म्हणून एकाऐवजी दोन टिपा मारल्या आणि पैसेही घेतले नाहीत. आठ दिवसांनी भर पावसात पोस्टमन परत आले. उजवा खांदा ओलाचिंब, आणि पिशवीच्या वरच्या थरातील पत्रांची शाई पसरलेली. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “मास्तर, तुमच्या टिपेतून पाऊस मोजून आत येतो.”

वडिलांना तो बोल फार लागला. आयुष्यात त्यांची शिवण कधी कोणी नाकारली नव्हती. पण त्यांनी कारण शोधले. कंदिलासमोर तो खांदा धरला तेव्हा टिपेच्या प्रत्येक टाक्यापाशी प्रकाशाचा एकेक ठिपका दिसला. ‘दोन टिपा मारल्या म्हणजे भोके दुप्पट केली,’ असे ते स्वतःशीच पुटपुटले. मग मेण पातळ करून त्यांनी ते शिवणीवर आतून-बाहेरून चोळले, त्यावर कापडाची पट्टी चिकटवली आणि कोट पोस्टमनच्या घरी स्वतः नेऊन दिला. ही युक्ती त्यांना कोणी शिकविली नव्हती. ती जगात इतरत्र कोणी, केव्हा आणि किती सायासाने शोधली, हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी वाचनातून कळले.

आपल्या मुलुखातील जुनी पावसाळी वस्त्रे पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. धनगराच्या घोंगडीची खोळ ही केवळ घडी घालून केलेली असते. शेतकऱ्याचे इरले बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे असते. पावसात उभे राहावयाचे तर टाक्याचा भरवसा धरू नये, हे आपल्या पूर्वजांनी जणू ओळखले होते. पण जेथे उघड्या समुद्रात शिकार करावयाची आणि पाण्याच्या स्पर्शाने मृत्यू यावयाचा, तेथे घडी पुरत नाही, शिवावेच लागते. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांच्या स्त्रियांनी हा प्रश्न शतकांपूर्वी सोडविला. सीलच्या आतड्यांच्या पट्ट्या स्वच्छ करून, वाळवून त्या प्राण्यांच्या स्नायुतंतूंनी जोडीत आणि हलके, पाणी न शिरणारे अंगरखे बनवीत. कातडी पादत्राणे शिवताना त्या सुई कातड्याच्या आरपार काढीतच नसत. कातड्याच्या अर्ध्या जाडीतून ती फिरवून बाहेर घेत. छिद्र आरपार गेलेच नाही तर पाणी शिरणार कोठून? रोआल्ड आमुंडसेन हा नॉर्वेजियन प्रवासी १९०३ ते १९०६ या सफरीत या लोकांच्या सहवासात राहिला, त्यांची केसाळ कातड्यांची वस्त्रे वापरावयास शिकला, आणि १९११ च्या डिसेंबरात दक्षिण ध्रुवावर प्रथम पोहोचला. त्याच्या यशात त्या अनाम शिवणकर्त्या स्त्रियांच्या विद्येचाही वाटा आहे, हे इतिहासकारही मान्य करतात.

युरोपातील कथा १८२३ पासून सुरू होते. चार्ल्स मॅकिंटॉश हा ग्लासगोचा रसायनशास्त्रज्ञ. दिव्यांसाठी दगडी कोळशापासून गॅस काढताना जे डांबर उरे, त्यातून निघणाऱ्या नॅप्था नावाच्या द्रवात रबर विरघळते, ही गोष्ट जेम्स साइम या वैद्यकीय विद्यार्थ्याने १८१८ मध्ये प्रसिद्ध केली होती. मॅकिंटॉशने ते रबराचे द्रावण कापडाच्या दोन थरांमध्ये पसरून ते एकमेकांस चिकटविले आणि त्या कापडाचे पेटंट घेतले. पाणी या कापडातून जाईना. कारखाना मँचेस्टरला निघाला, कापड शिंप्यांकडे गेले, कोट शिवले गेले, आणि तक्रारी सुरू झाल्या. शिंप्यांनी आपल्या नित्य पद्धतीने शिवले होते. प्रत्येक टाक्यातून पाणी झिरपू लागले. त्यातच ते रबर थंडीत ताठ होई, उन्हात चिकट होई आणि त्यास दर्प येई. अखेरीस कंपनीने स्वतःच्या देखरेखीखाली कोट तयार करविले आणि शिवणींवर रबराचे द्रावण लावून, पट्ट्या चिकटवून त्या बंद केल्या. थंडी-उन्हाचा दोष १८४३ नंतर गेला. त्या वर्षी मॅकिंटॉशचा भागीदार टॉमस हॅनकॉक याने गंधकाच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याच्या कृतीचे इंग्लंडात पेटंट घेतले.

वाचकहो, ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे तो पोस्टमन आणि कंदिलासमोर कोट धरलेले वडील उभे राहिले. मँचेस्टरच्या कारखानदारांनी दोष शिंप्यांवर टाकला. पण त्या शिंप्यांना नवे कापड देताना त्याची रीत कोणी समजावून दिली होती, असे दिसत नाही. जुने कसब नव्या वस्तूवर जसेच्या तसे चालविले की ते फसते. दोष कसबाचा नसतो, न विचार करता चालविण्याचा असतो.

येथे आपल्या व्यवसायबंधूंच्या वर्तनाचे एक अप्रिय उदाहरणही सांगितले पाहिजे, कारण इतिहास लिहिताना आपल्याच पक्षाची वकिली करणे बरे नव्हे. बार्तेलमी तिमोनिए हा फ्रान्समधील एक गरीब शिंपी. त्याने शिवणयंत्र तयार केले आणि १८३० मध्ये पेटंट मिळविले. पॅरिसमध्ये त्याच्या ८० यंत्रांवर सैन्याचे गणवेश शिवले जाऊ लागले. आपली रोजी जाणार या भयाने शिंप्यांच्या जमावाने १८३१ मध्ये त्या कारखान्यावर हल्ला करून यंत्रे मोडून टाकली. तिमोनिए १८५७ मध्ये दारिद्र्यात वारला. यंत्र मात्र थांबले नाही. १८४६ मध्ये अमेरिकेत एलियास हाऊ याने आणि १८५१ मध्ये आयझॅक सिंगर याने आपापल्या यंत्रांचे पेटंट घेतले, आणि सिंगरचे नाव पुढे आपल्याकडील खेड्यापाड्यांतही पोहोचले. ज्या यंत्रास शिंप्यांनी वैरी मानले तेच आमच्या वडिलांच्या दुकानात दसऱ्यास झेंडूच्या फुलांनी पूजिले जात असे. त्या जमावाची भीती खोटी नव्हती, कारण पोट प्रत्येकास आहे. पण यंत्र मोडून त्यांचे पोट भरले नाही, हेही खरे.

रबरी कोटाचा दुसरा दोष आपणां सर्वांस ठाऊक आहे. वडील म्हणत, ‘बाहेरचा पाऊस अडतो आणि आतला पडू लागतो.’ घामाची वाफ बाहेर जावयास वाट नसते. या प्रश्नाचे पहिले उत्तम उत्तर एका कापडदुकानदाराने दिले. टॉमस बर्बरी हा कापड-दुकानात उमेदवारी करून तयार झालेला तरुण. १८५६ मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी, त्याने इंग्लंडातील बेसिंगस्टोक येथे आपले दुकान काढले. त्याने कापडाला लेप देण्याऐवजी विणण्यापूर्वी सुतालाच जलरोधक केले, आणि मग ते अतिशय घट्ट, तिरप्या रेषांच्या विणीत विणले. हेच १८७९ चे गॅबर्डिन. त्याचे पेटंट १८८८ चे. पाऊस त्यावरून ओघळे, पण हवा खेळती राही. १९२४ मध्ये एव्हरेस्टवर नाहीसा झालेला जॉर्ज मॅलरी याच्या अंगावर असेच गॅबर्डिन आणि त्याखाली रेशीम, सूत व लोकर यांचे थर होते. १९९९ मध्ये त्याचा देह सापडल्यावर त्या वस्त्रांच्या अवशेषांवरून तशीच वस्त्रे नव्याने बनविण्यात आली आणि २००६ मध्ये एव्हरेस्टवर नेऊन पाहण्यात आली. ती चांगली उबदार आणि हालचालीस सुलभ ठरली.

याच मार्गाने पुढे जाऊन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूट या संस्थेने व्हेंटाइल नावाचे निव्वळ सुती कापड तयार केले. लांब धाग्याच्या उत्तम कापसाचे सूत अत्यंत दाट विणले की कोरडे असताना त्यातून वाफ जाते, आणि भिजताच तंतू फुगून विणीतील फटी बुजतात. समुद्रात कोसळणाऱ्या वैमानिकांचे प्राण गोठत्या पाण्यात थोड्याच मिनिटांत जात. त्यांच्यासाठी १९४३ पासून या कापडाचे पोशाख वापरात आले आणि अनेकांचे प्राण वाचले. शेतकऱ्याच्या कापसाचा हा गुण आपल्या घरच्या सुती दोऱ्यातही आहे. भिजलेला सुती दोरा फुगून आपलेच छिद्र काही अंशी बुजवितो, म्हणून ताडपत्री शिवणारे जुने कारागीर सुती दोऱ्याचा आग्रह धरीत.

आता आम्ही अशा एका गृहस्थाची हकीकत सांगतो की ज्याचा आपल्या पुण्याशी प्रत्यक्ष संबंध आला. जॉर्ज इंगल फिंच याचा जन्म १८८८ मध्ये ऑस्ट्रेलियात झाला. त्याचे शिक्षण झुरिचला झाले, आणि तो रसायनशास्त्राचा प्राध्यापक व निष्णात गिर्यारोहक होता. १९२२ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत इतर मंडळी लोकरी कोट आणि ट्वीड घालून निघाली असता फिंचने स्वतःच्या कल्पनेने एक नवाच कोट करविला. हवाई फुग्यासाठी वापरावयाचे पातळ, वारा न शिरणारे कापड त्याने घेतले. त्याच्या दोन थरांत आयडर या समुद्री बदकाची मऊ पिसे भरली. आणि पिसे एका जागी गोळा होऊ नयेत म्हणून मधून मधून टीप मारून कप्पे केले.

आमच्या भगिनीवर्गास हे वर्णन वाचून हसू येईल, कारण ही तर गोधडीच झाली! सहकाऱ्यांनाही हसू आले, पण वेगळ्या कारणाने. सभ्य गृहस्थाच्या कोटासारखा तो दिसत नव्हता. पुढे पर्वतावरील वाऱ्यात तेच सहकारी त्या कोटाकडे असूयेने पाहू लागले, अशी नोंद खुद्द फिंचनेच करून ठेविली आहे. २७ मे १९२२ रोजी फिंच आणि जेफ्री ब्रूस हे दोघे प्राणवायूच्या साहाय्याने सुमारे ८,३२० मीटर उंचीवर पोहोचले. तोवर कोणीही मनुष्य इतका उंच चढला नव्हता. तरीही १९२४ च्या मोहिमेत फिंचला घेतले गेले नाही.

हाच फिंच १९५२ ते १९५७ या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा संचालक होता. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले तेव्हा त्या मोहिमेच्या सामानात पिसे भरलेली वस्त्रे होती आणि प्राणवायूची नळकांडीही होती. एकतीस वर्षांपूर्वी ज्या दोन गोष्टींचा फिंचने पुरस्कार केला त्याच त्या. त्या वेळी फिंच आपल्या पुण्यातील पदावर होता. पाषाण रस्त्याने जाताना आम्हांस त्या हिरव्या फुग्याच्या कोटाची आठवण होते.

गोधडीच्या पद्धतीतही सुईचा तोच जुना दोष राहतो. टीप जेथे दोन्ही थर एकत्र दाबते तेथे पिसे उरत नाहीत आणि त्या रेषेतून थंडी शिरते. म्हणून पुढील कारागिरांनी दोन थरांमध्ये कापडाच्या उभ्या पट्ट्या घालून कप्पे केले, जेणेकरून कोठेच दोन्ही थर एकमेकांस टेकू नयेत. हे गणित रसायनशाळेचे नाही, बेतण्याच्या फळीवरचे आहे.

त्यानंतरचा मोठा शोध अमेरिकेतला. टेफ्लॉन या नावाने आपल्या स्वयंपाकघरात आलेले द्रव्य रॉय प्लंकेट याला १९३८ मध्ये योगायोगाने सापडले होते. १९६९ च्या ऑक्टोबरात रॉबर्ट गोर हा या द्रव्याच्या तापविलेल्या कांड्या हळूहळू ताणून पाहत होता, आणि त्या वारंवार तुटत होत्या. वैतागून त्याने एक कांडी एकदम हिसका देऊन ओढली. ती न तुटता सुमारे दसपट लांब झाली, आणि तिच्या अंगी असंख्य सूक्ष्म छिद्रे निर्माण झाली. ही छिद्रे पाण्याच्या थेंबाहून हजारो पटींनी लहान, पण वाफेच्या कणाहून शेकडो पटींनी मोठी. थेंब अडतो, वाफ जाते. १९७६ पासून या पापुद्र्याचे गोर-टेक्स हे कापड बाजारात आले.

आणि पुन्हा तेच झाले! एवढ्या सूक्ष्म छिद्रांच्या कापडावर शिवणयंत्राची सुई चालली की तिची छिद्रे त्या मानाने दरवाजाएवढी. शिवणीतून पाणी आलेच. उपाय मॅकिंटॉशच्या कारखान्याचाच, केवळ साधन नवे: शिवणीच्या आतील बाजूस उष्णतेने वितळून चिकटणारी पट्टी. पुढे कॅनडातील आणि इतरत्रच्या कारखानदारांनी ही पट्टी अरुंद केली, दुमड कमी केली, पाणी न शिरणारी चेन बसविली, आणि काही ठिकाणी तर टाका सर्वस्वी वगळून कापडाच्या कडा चिकटवूनच जोडल्या. इन्युइट स्त्रियांनी सुई आरपार नेली नाही, या मंडळींनी सुईच दूर ठेवली. या कापडांच्या रसायनांचा एक दोष मात्र उशिरा उमगला. फ्लुओरिनयुक्त द्रव्यांपैकी कित्येक निसर्गात विघटन न पावता साचून राहतात. सबब, २०२२ पासून गोर कंपनीनेही वेगळ्या द्रव्याचा पापुद्रा वापरात आणिला.

इटलीतील मासिमो ऑस्ती याची गोष्ट आम्हांस विशेष मननीय वाटते. १९४४ साली बोलोन्या येथे जन्मलेला हा गृहस्थ मूळचा चित्रसंकल्पक, शिंपी नव्हे. त्याने सैनिकांचे, कामगारांचे हजारो जुने कपडे जमविले आणि ते उलगडून त्यांची रचना अभ्यासिली. रंगीत कापड घेऊन कोट शिवण्याऐवजी पांढऱ्या कापडाचा कोट आधी पुरा शिवावा आणि मग तो सबंध रंगात बुडवावा, ही पद्धत त्याने फार पुढे नेली. यात मख्खी अशी की रंगाच्या उकळत्या पाण्यात प्रत्येक जातीचे कापड वेगळ्या प्रमाणात आकसते आणि वेगळा रंग पकडते. सुती कापडावर पॉलिएस्टरचा दोरा असेल तर तो रंग घेतच नाही. म्हणून आकसण्याचा हिशेब बेततानाच धरावा लागतो. १९८२ मध्ये त्याने मालमोटारींवरील ताडपत्रीचे ताठ कापड धुऊन धुऊन मऊ केले, त्याचे दुरंगी कोट शिवले, आणि त्यातून स्टोन आयलंड ही प्रसिद्ध पेढी जन्मास आली. २००५ मध्ये तो वारला. जुन्या कपड्याची शिवण उसवून पाहणे, हे आपल्या प्रत्येक दुकानात उमेदवारी करणाऱ्या पोराने केलेले काम आहे. आपण ते पोटासाठी केले आणि विसरलो, त्याने ते लिहून आणि जपून ठेविले.

आता मनातली गोष्ट सांगून लेख संपवितो. शाळेच्या प्रवेशअर्जावर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात आम्ही लहानपणी ‘व्यापार’ असे लिहिले होते. गुरुजींनी विचारले नाही, वडिलांनी तो अर्ज वाचला आणि काही न बोलता सही केली. पुढे छत्तीस वर्षे शिक्षक म्हणून असे शेकडो अर्ज आमच्या हाताखालून गेले. ज्ञातीतील कित्येक मुलांनी तोच शब्द लिहिलेला आम्ही पाहिला, आणि दर वेळी त्या सहीची आठवण झाली. नामदेव महाराजांस आपल्या कात्री-गजाची लाज वाटली नाही. गुरुग्रंथसाहेबांत समाविष्ट झालेल्या त्यांच्या पदांतही या साधनांची रूपके आली आहेत. मग ती आम्हांस का वाटावी?

तयार कपड्यांच्या युगात गल्लीतील दुकान टिकणे कठीण आहे, हे आम्ही जाणतो. मुलांनी यंत्रावरच बसावे असा आमचा आग्रह नाही. आम्ही स्वतः बसलो नाही. परंतु वस्त्रविद्येच्या संस्थांत जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी एवढे ध्यानात ठेवावे की मॅकिंटॉशच्या रसायनास आणि गोरच्या पापुद्र्यास शेवटी ज्या प्रश्नापाशी थांबावे लागले, तो प्रश्न आपल्या घरातला आहे. आणि ज्येष्ठांस विनंती की जुन्या दुकानांतील मापांच्या वह्या, कागदी काप आणि युक्त्या रद्दीत जाण्यापूर्वी लिहून ठेवाव्यात. आमच्या वडिलांच्या मेण आणि पट्टीच्या युक्तीची नोंद आज या लेखाखेरीज कोठेही नाही.

आमच्या नातवाचा शाळाप्रवेश गेल्या जूनमध्ये झाला. त्याच्या अर्जात पणजोबांच्या व्यवसायास जागा नव्हती. ती येथे भरून काढतो: शिवणकाम.